शब्दांची आवकजावक

रोमहून निघालेला कोणताही नवा शब्द आमच्या धर्मग्रामात शिरण्यापूर्वी जकात नाक्यावरच्या बैलगाडीप्रमाणे माझ्या दाराशी थांबतो, आपले गाठोडे सोडून दाखवतो आणि मी मान डोलावल्यावरच पुढे देवळाकडे मार्गस्थ होतो, अशी माझी पुष्कळ वर्षांची समजूत आहे. ही समजूत गावात दुसऱ्या कोणाचीही नाही असे माझी पत्नी मला अधूनमधून सांगत असते. परंतु घरच्या साक्षीदाराची साक्ष कितपत ग्राह्य धरावी याविषयी कायदेपंडितांतही मतभेद असतील, अशा भरवशावर मी ती समजूत चालू ठेवली आहे. मराठीचा शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्याला निवृत्तिवेतनाखेरीज आणखी एक गोष्ट आमरण मिळत राहते, ती म्हणजे दुसऱ्याच्या वाक्यातील दोष दिसण्याची व्याधी. आणि ती व्याधी बरोबर घेऊनच मी दर रविवारी मिस्सेला जातो. इतर भाविक तेथे परमेश्वराच्या दर्शनास येतात. मी आधी सूचनाफलकाचे दर्शन घेतो.

या व्याधीला घरातून खुराकही भरपूर मिळतो. माझी आई नव्वदी ओलांडून बसली आहे आणि तिच्या तोंडी अजून ‘इगर्ज’ आहे, ‘कुमसार’ आहे, ‘फेस्त’ आहे, ‘लादीन’ आहे. १७३९ साली पोर्तुगीज वसई सोडून गेले तरी त्यांचे शब्द गेले नाहीत, कारण त्यानंतरही दीर्घकाळ आमच्या देवळांची वहिवाट गोव्याहून येणाऱ्या पाद्र्यांच्या हाती राहिली, आणि शब्दांच्या हद्दपारीचे कलम तहात घालण्याचे चिमाजीअप्पांना काही सुचले नाही. माझा स्वतःचा कोश त्यानंतरचा आणि, सांगण्यास संकोच वाटत नाही, त्याहून भारदस्त आहे: धर्मप्रांत, स्नानसंस्कार, दृढीकरण, प्रापंचिक, परमगुरुस्वामी. पत्नी नगरकडची, अमेरिकन मिशनच्या प्रॉटेस्टंट परंपरेतली. तिच्या माहेरी आमच्या स्नानसंस्काराला ‘बाप्तिस्मा’ म्हणतात, धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात आणि चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, त्यामुळे “आमची मंडळी मंडळीत वाढली” हे वाक्य मी विवाहानंतर शिक्षकांच्या खोलीत उच्चारू शकलो. माझ्या विनोदांपैकी दुसऱ्यांनी पुन्हा सांगितलेला तेवढा एकच. राहता राहिली नात. ती धर्मग्रामाच्या ‘यूथ’ची ‘ॲनिमेटर’ असून तिच्या सभेत प्रार्थना होत नाही, ‘शेअरिंग’ होते.

माझ्या लहानपणी या सर्वांवर एकाच भाषेचे राज्य होते, आणि ती भाषा कोणालाच येत नसल्यामुळे तंट्याला जागा नव्हती. लॅटिन मिस्सेच्या आरंभी, पायऱ्यांशी गुडघे टेकून, आपल्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे जाण्याचा मनोदय व्यक्त करणारे एक उत्तर वेदीवरच्या मुलाने द्यायचे असे. ते उत्तर मी मिसरूडही फुटले नव्हते त्या वयात, सत्तरी उलटलेल्या पाद्रीबाबांच्या शेजारून खणखणीत आवाजात देत असे, आणि तारुण्याचा त्या घटकेस दोघांशीही संबंध नाही ही गोष्ट आम्हां दोघांच्याही ध्यानात येत नसे. पुढे ‘सुस्सिपियात’ या शब्दाने सुरू होणारे एक उत्तर येई. ते जगातल्या कोणत्याही वेदीवरच्या मुलाला कधीच धड आले नसावे. आम्ही त्याचा पहिला शब्द स्पष्ट, शेवटचा शब्द स्पष्ट आणि मधला सगळा मजकूर गुणगुणण्याच्या स्वरूपात सादर करीत असू. संध्याकाळी बायका कुरसापुढे लादीन म्हणत, आणि प्रत्येक संताच्या नावामागून ‘ओरा प्रो नोबिस’, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर, हे पालुपद ‘ओरापोनोबी’ या सुटसुटीत रूपात येई. या ओरापोनोबीला मी कित्येक वर्षे एक थोर संतीण समजत होतो; प्रत्येक संताशी जिचा इतका घरोबा, तिचे वजन स्वर्गातही असणारच, असा माझा हिशेब होता.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासना लोकांच्या भाषेत करण्यास वाट मोकळी करून देणारा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत झाला, आणि त्या चौघांत आमच्या गावचा एकही नव्हता याचे मला अद्यापि नवल वाटते, कारण गावात भरलेल्या कोणत्याही सभेत विरुद्ध मत देणारे याहून अधिक निघतात. पुढल्याच वर्षी मुंबईच्या ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युकरिस्टिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पॉल तिच्यासाठी स्वतः हिंदुस्थानात आले. वसईहून गाड्या भरभरून माणसे गेली. फक्त माझे एक काका, जे पिढीजात देवभक्त आणि स्वकष्टार्जित समाजवादी होते, ते घरी राहिले. “पोपसाहेबांविषयी मला आदर आहे,” ते म्हणाले, “पण काँग्रेसच्या सभेला मी जायचा नाही.” १९६९ साली भारतातल्या बिशपांनी उपासनेला देशी वळण देणाऱ्या बारा मुद्द्यांना रोमची मंजुरी मिळवली, तेव्हा समई, उदबत्ती, शाल, पंचांगप्रणाम हे सारे आमच्या वेदीपर्यंत येण्याचा मार्ग खुला झाला. पादत्राणे बाहेर काढण्याचा मुद्दा मात्र आमच्या देवळात टिकला नाही. त्याला धर्मशास्त्रीय आक्षेप कोणाचाच नव्हता. नव्या जोड्यांच्या मालकांचा व्यावहारिक आक्षेप होता.

या धामधुमीनंतर काही वर्षांनी, मी नुकताच शिक्षक झालो असताना, आमच्या देवळात उपासना समिती स्थापन झाली आणि मराठीचा जाणकार म्हणून तीत माझी नेमणूक झाली. मिस्सेचा मजकूर वरून छापून येत असे, त्याला हात लावण्याची मुखत्यारी आम्हांस नव्हती; परंतु सूचना, पाट्या, पदनामे आणि पावत्या हा सर्व मुलूख मोकळा होता, आणि तो मी एकहाती जिंकला. वेदीवरच्या मुलांना मी ‘वेदीपरिचारक’ केले; आठ दिवसांत शाळेतली पोरे त्यांना ‘परिचारिका’ म्हणू लागली आणि एका मुलाचे वडील, पोराला नर्स केल्याबद्दल, संतप्त होऊन माझ्याकडे आले. देवळाच्या किल्ल्या, मेणबत्त्या आणि झगे सांभाळणारा वृद्ध सांक्रिस्तांव मला विशेष प्रिय होता, म्हणून त्याला मी ‘पूजासाहित्यरक्षक’ ही पदवी बहाल केली. पगाराच्या वहीत त्या पदवीसमोर अंगठा उठवण्यापूर्वी त्याने बराच वेळ ती जागा न्याहाळली. “नाव एवढं लांबवलंत, मास्तर,” तो म्हणाला, “आणि आकडा तेवढाच?” मिस्सेनंतर आवारात मिळणाऱ्या चहा-बटाटावड्याची सूचना मी ‘उपासनोत्तर अल्पोपाहार’ अशी लिहिली, तेव्हा लोकांनी तो एखादा नवा उपवास समजून घरचा रस्ता धरला आणि वडे समितीलाच खावे लागले. मी आजही त्या शब्दप्रयोगाच्या बाजूने उभा आहे. समास निर्दोष होता.

येथे घंटांविषयी बोलतो. विषयाशी त्यांचा संबंध बेताचाच आहे. पण घंटांचा विषय काढण्यासारखी जागा दिसली आणि मी ती सोडून दिली, असे आजवर घडलेले नाही. (पत्नी अशा वेळी उठून स्वयंपाकघरात जाते.) वसई पडल्यावर मराठ्यांच्या फौजेने इथल्या देवळांतल्या अजस्र घंटा उतरवल्या आणि विजयचिन्हे म्हणून घाट चढवून वर नेल्या. कशा नेल्या असतील, किती बैल लागले असतील, वाटेत खाचखळग्यांत त्या आपोआप वाजत असतील की लोलकांना चिंध्या बांधल्या असतील, या प्रश्नांवर मी रात्रीच्या रात्री घालवल्या आहेत. त्यांतली एक भीमाशंकरी आहे. एक नाशकात गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळात आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे, आणि तिचा आवाज इतका दूरवर जात असे म्हणतात की मोठ्या गळ्याच्या माणसाला त्या बाजूला ‘नारोशंकराची घंटा’च म्हणू लागले, ही म्हण माझ्या पत्नीला माहेराहून ठाऊक असून ती तिचा उपयोग कोणाला उद्देशून करते हे उघड आहे. तिसरी वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. देवळात टांगण्यापूर्वी घंटेला पवित्र पाण्याने न्हाऊ घालून, तेल लावून, तिला नाव ठेवण्याची आमच्यात प्राचीन रीत आहे आणि लोक त्या रीतीला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत आले आहेत. म्हणजे या यथाविधी स्नानसंस्कार झालेल्या बाया पावणेतीनशेहून अधिक वर्षे शंकराच्या दारी एकनिष्ठ सेवा करीत आहेत आणि धर्मांतराचा प्रश्न कोणीही उपस्थित केलेला नाही, ना इकडून ना तिकडून.

मेणवलीला मी शाळेची सहल घेऊन गेलो होतो. घंटेखाली उभे राहून मी मुलांना जे व्याख्यान दिले त्यात लॅटिन होते, पोर्तुगीज होते, घंटेच्या धातूचे रसायन होते आणि ती आमच्याकडची आहे हे वाक्य वारंवार होते. घाटावर धोतर पिळत असलेले एक वृद्ध गृहस्थ शांतपणे सर्व ऐकत होते. व्याख्यान आटोपल्यावर त्यांनी जवळ येऊन विचारले, “आपण वसईचे? न्यायला आलात की काय?” मी घाईघाईने नाही म्हणालो. “मग हरकत नाही,” ते म्हणाले, “आम्ही नीट सांभाळतो तिला.” दिल्या घरी सुखी आहे, असे मी त्या दिवशी मनाशी म्हटले, दिलेली नव्हे, नेलेली, पण सुखी. आमच्या स्वतःच्या मनोऱ्यातून हल्ली ध्वनिक्षेपकावर ध्वनिमुद्रित घंटानाद होतो, आणि वीज गेली की दुपारचे बारा वाजत नाहीत.

असो. सूचनाफलकावरच्या माझ्या त्या दिग्विजयामागे भाषेची सेवा होती असे मी सांगत आलो आहे, आणि समितीच्या इतिवृत्तातही तशीच नोंद आहे. परंतु इतिवृत्तात न नोंदलेले एक कारण आहे आणि ते पोर्तुगीज आडनाव लावून मराठी शिकवणाऱ्या मनुष्यालाच नीट कळेल. प्रशिक्षणवर्गाला जावे, ओळख करून द्यावी, चार वाक्ये बोलावीत, आणि पुण्याच्या एखाद्या सुस्वभावी विदुषीने डोळे विस्फारून म्हणावे, “अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो! घरी काय बोलता? इंग्लिश?” हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असते, म्हणूनच त्याला उत्तर देता येत नाही. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने या भाषेच्या प्रेमात पडून ख्रिस्तपुराणाच्या हजारो ओव्या रचल्या आणि १६१६ साली त्या छापल्याही गेल्या. त्या इंग्रजाचे मराठी वाखाणणे योग्यच होय. पण आम्ही कुठून आलेलो नव्हतो. आमचे वाडवडील पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून याच मातीत केळी आणि नागवेली लावीत होते, आणि बैल चिखलात रुतला असता त्यांनी कोणत्या भाषेत शिव्या दिल्या असतील असे या मंडळींना वाटते, देव जाणे. तेव्हा मी काय करीत असे? पुढच्या वाक्यात सापडतील तितके तत्सम शब्द घालीत असे. ‘उपासनोत्तर अल्पोपाहार’ हा शब्द ज्यांना चहा प्यायचा होता त्यांच्यासाठी मी लिहिलाच नव्हता. तो त्या अदृश्य परीक्षकांसाठी होता. ते परीक्षक आमच्या देवळाच्या आवारात कधी आले नाहीत, येण्याचा त्यांचा विचारही नव्हता, आणि त्यांच्या पसंतीसाठी मी माझ्याच आईला तिच्याच देवळाच्या फलकापुढे निरक्षर करून ठेवले. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, त्या दिवशी वसईतला प्रत्येक कॅथलिक थोडाथोडा अध्यक्ष झाला. मी तर आठवडाभर कोणाशी बोलताना आधी घसा साफ करीत होतो.

आता माझा कोशही निकालात निघत आहे. वेदीच्या बाजूला पांढरा पडदा लागला आहे आणि गाण्यांचे शब्द त्याच्यावर उमटतात. टंकलेखन कोणीतरी उत्साही तरुण रात्री उशिरा करतो. मागे एका रविवारी ‘स्तुती करा’च्या जागी ‘सुस्ती करा’ असे उमटले. एप्रिल महिना होता, प्रवचन नुकतेच आटोपले होते, आणि समस्त भाविकांनी ती ओळ अंतःकरणपूर्वक गाइली. असल्या चुका मी पोटात घालतो. मला सलते ते निराळेच. देवळाच्या भाषेत आता शिरतात ते शब्द कचेरीतले असतात: कोऑर्डिनेटर, फॅसिलिटेटर, सेल, कोअर टीम, फीडबॅक. देवाला आपण ‘तू’ म्हणतो. कोऑर्डिनेटरला ‘सर’ म्हणावे लागते. आईचा ‘कुमसार’ माझ्या काळात ‘पापनिवेदन’ झाला, १९७३ च्या नव्या विधीनंतर त्यात समेटाची भाषा आली, आणि नातीच्या शिबिरात आता ‘हीलिंग’ होते. कुमसाराला माणूस काहीतरी करून जात असे. हीलिंगला मात्र त्याचेच कोणीतरी काहीतरी केलेले असते. पापाला एवढे हलके केल्यावर ते उचलून न्यायला देवाची गरज कशाला पडावी, हे मी एकदा नातीला विचारले. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही खूप जजमेंटल आहात.” या आरोपाला माझ्या कोशात प्रतिशब्द मिळाला नाही, यावरून तो खरा असावा.

मागल्या पावसाळ्यात आई आजारी पडली. ताप उतरेना, डॉक्टर मोघम बोलू लागले, तेव्हा मी आमच्या तरुण फादरांना बोलावले. त्यांनी खिशातून तेलाची इवलीशी डबी काढली तशी आई एकदम सावध झाली, कारण तिच्या पिढीत ती डबी घरात येणे म्हणजे सुताराला निरोप जाणे.

“हे शेवटचं का, फादर?”

“नाही आजी, आता तसं नसतं. आता त्याला रुग्णाभ्यंग म्हणतात. आजारपणात केव्हाही घेता येतो.”

शब्द माझा होता. मी किंचित ताठ बसलो.

“अभ्यंग?” आई म्हणाली. “दिवाळी लांब आहे अजून.” मग डबीकडे पाहून, “खोबरेल आहे?”

१९७२ साली पोपनी या संस्काराचे ‘अंतिम’पण काढून घेतले, त्याच वेळी ऑलिव्ह मिळत नसेल तेथे दुसरे वनस्पतिजन्य तेलही चालेल असे ठरवले, तेव्हा आईचा प्रश्न धर्मशास्त्रदृष्ट्या बिनतोड होता हे मी फादरांच्या निदर्शनास आणणार होतो. पण तेवढ्यात तिने डोळे मिटून आपण होऊनच लादीन सुरू केली. फादरांनी आपले छापील पुस्तक बोट घालून मिटले. संतांची नावे एकामागून एक येऊ लागली, काही अर्धी, काही पोर्तुगीज वळणाची, काही बहुधा पंचांगातही न सापडणारी, आणि पहिल्या नावानंतर क्षणभर कोणालाच काय म्हणायचे ते सुचेना. मग माझी पत्नी, जिच्या माहेरच्या मंडळीत संतांकडे विनंत्या पाठवण्याची रीतच नाही, ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून स्पष्ट आवाजात म्हणाली, “ओरापोनोबी.” पुढच्या नावाला नात म्हणाली. मला शुद्ध रूप येत होते. तोंडातून अशुद्धच बाहेर पडले.

तिसऱ्या दिवशी आईने बोंबलाचे कालवण मागितले.

फादर तिची विचारपूस करायला पुन्हा आले तेव्हा चहा घेता घेता म्हणाले, “सर, तुमच्याकडे एक काम होतं. सिनोडालिटीला एखादा चांगला मराठी शब्द द्या ना. बॅनर करायचा आहे.” २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही सर्वांनी मिळून चालण्याची, सर्वांचे ऐकून घेण्याची मोहीम सुरू केली तेव्हापासून तो शब्द डोक्यावर घिरट्या घालीत होता आणि कोणीतरी विचारावे म्हणून मी टपूनच होतो. रात्रभर जागून मी ‘सहपथगामित्व’, ‘समवायप्रवृत्ती’, ‘संभूयगमन’ आणि आणखी असेच काही शब्द, व्युत्पत्तीसह, सुवाच्य अक्षरांत लिहून पाठवले. फादरांचा दूरध्वनीवर फार आदरयुक्त निरोप आला की कोअर टीमने त्यांवर सविस्तर शेअरिंग केले. शनिवारी देवळाच्या मुख्य दारावर, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, भला मोठा फलक लागला: ‘सिनोडलिटी : चला, एकत्र चालू या’.

‘ड’चा काना गेला होता. रविवारी बाहेरगावचे पाहुणे येणार होते. मी सांक्रिस्तांवाच्या खोलीतली शिडी बाहेर काढली, नातीचा जाड काळा मार्कर घेतला आणि पत्नीला शिडी धरायला लावून वर चढलो.

“अहो, या वयात! त्या इंग्रजी शब्दासाठी?” ती खालून म्हणाली.

“शब्द कोणाचा का असेना,” मी म्हणालो, “लिपी आपली आहे. जरा मागे सरकून बघ, काना बाकीच्या अक्षरांएवढा जाड आलाय ना?”

“मागे सरकू, की शिडी धरू?”

“आधी बघ,” मी म्हणालो.